दोन हँडलांमधलं अंतर

मी अमरावतीत बसून युद्धनौकांचे नियम लिहिते. हे मी आता कुणाला सांगत नाही. एकदा सांगितलं होतं, तर शेजारच्या काकूंनी पदराला हात पुसत विचारलं, "म्हंजे वडाळीच्या तलावात का?" त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. समुद्र इथून रात्रभराच्या गाडीइतका लांब आहे, आणि मी स्वतः जहाजावर आयुष्यात मोजून चार वेळा चढले आहे. तेव्हापासून मी "कंप्युटरचं काम" म्हणते आणि विषय मिटतो.

काम तसं समजायला अवघड नाही. व्यापारी जहाज कसं बांधायचं याची जाडजूड पुस्तकं असतात. पत्रा किती जाड, दार कुठे, आग लागली तर ती विझवायची सोय कुठली, हे सगळं त्यात असतं. त्याबरहुकूम जहाज बांधलं की आमच्यासारखी संस्था प्रमाणपत्र देते. नौदल पूर्वी या भानगडीत पडत नसे, आपले नियम आपणच करी. आता त्यांनाही ही पुस्तकं हवी आहेत, पण युद्धनौकेच्या मापाने बेतलेली. ते बेतायचं काम आमचं. एक्सेलचा तक्ता असतो. डावीकडे व्यापारी जहाजाचा नियम, मधे माझा निकाल, उजवीकडे एका ओळीत कारण. निकाल तीनच प्रकारचे: जसाच्या तसा, बदलून, लागू नाही.

सगळी गोम एकाच गोष्टीत आहे. व्यापारी जहाजावर संकट आलं की माणसांनी बाहेर पडायचं असतं. युद्धनौकेवर संकट आलं की माणसांनी आत थांबायचं असतं. हा फरक एकदा डोक्यात बसला की निम्मा तक्ता आपोआप भरत जातो. उरलेल्या निम्म्यावर कमिटी भांडते.

आणखी एक शिस्त आहे, तीही सांगून ठेवते. आमच्या पुस्तकात माणसाने काय करावं हे येत नाही. दाराने काय करावं, नळीने काय करावं, झडपेने किती दाब सोसावा, एवढंच येतं. माणसाचं प्रशिक्षण, माणसाची भीती, माणसाची चूक या गोष्टी दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकात असतात. नवीन माणूस आमच्याकडे आला की पहिलं वर्ष त्याच्या मसुद्यांतून माणसं खोडण्यातच जातं. मला कधी खोडावी लागली नाहीत. बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलच्या कागदावर त्यांचं वय चुकलं होतं. ते मी आधी दुरुस्त करून घेतलं आणि मग आईला फोन केला. मी अशीच आहे, आणि या नोकरीत त्याबद्दल मला शाबासकीच मिळत आली आहे.

लॉकडाऊनमध्ये मुंबईहून घरी आले ती इथेच राहिले. मागच्या खोलीत टेबल आहे, दोन स्क्रीन आहेत. आईला वाटतं मी घरी असते म्हणजे मोकळी असते. कमिटीची मीटिंग चालू असताना ती निवडायला मेथी आणून ठेवते.

गेल्या महालक्ष्म्यांची गोष्ट आहे. दादा अकोल्याला असतो. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या जळालेल्या मोटरी येतात आणि तो त्यात नवी तार भरून देतो. त्याआधी पंधरा वर्षं तो नौदलात होता, इंजिनरूममध्ये. बढती समोर दिसत असताना सोडून आला. कारण विचारलं तर "झालं ना आता, पुरे" एवढंच म्हणाला होता, आणि आमच्या घरात दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नाही. दर वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी तो एकटाच येतो, कारण मखराच्या लायटिंगचं काम त्याचं. वहिनी दुसऱ्या दिवशी येते.

त्या दुपारी माळांमधले गेलेले बल्ब बदलून झाल्यावर तो माझ्या खोलीत आला आणि पलंगावर टेकला. मी आगीच्या प्रकरणात होते. इंजिनरूमला आग लागली तर ती खोली बंद करून आत गॅस सोडतात. गॅस आग विझवतो, पण आत माणूस असेल तर तोही वाचत नाही. म्हणून आधी अलार्म वाजतो, माणसांना बाहेर पडायला ठरावीक वेळ मिळतो, आणि मग बाहेरच्या एका पेटीतून एक माणूस गॅस सोडतो. त्या पेटीत दोन हँडलं असतात. एक नळी उघडायचं, एक गॅस सोडायचं. चुकून धक्का लागून गॅस सुटू नये म्हणून दोन. दोन्ही एकाच पेटीत, एकाच माणसाला ओढता येतील अशी. त्या ओळीपुढे मी "जसाच्या तसा" लिहून ठेवलं होतं. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

दादा स्क्रीनकडे बघत होता. त्याला इंग्रजी सावकाश वाचता येतं, पण ही ओळ त्याने सावकाश वाचली ती त्यामुळे नाही.

"हे असंच ठेवून राह्यली का तू?" तो म्हणाला.

"हो. काहून? काही चुकलं का?"

"चुकलं नाई. हे म्या वढलं हाये."

मला वाटलं सरावात ओढलं असेल. मी तसं म्हटलंही. तो नाही म्हणाला, आणि मग त्याने सांगितलं. आवाज न बदलता, माळेत कुठला बल्ब गेला होता ते सांगावं तसं.

जहाज समुद्रात होतं. इंधनाची नळी फुटली आणि तेल तापलेल्या पाइपावर उडालं. आग लागली, धूर झाला, सगळे वर आले. गिनती केली तर एक माणूस कमी भरला. कोणीतरी म्हणालं, तो वर गेला, मी पाहिला. बाकीचे पाण्याचे होज घेऊन दुसऱ्या अंगाला धावले. पेटीपाशी दादा एकटा राहिला. कंट्रोल रूमचा फोन लावला तर तो बंद, तार जळाली असावी. अलार्म वाजून संपला. आग तेलाच्या टाकीकडे सरकत होती.

"मंग वढलं," दादा म्हणाला. "दोनी हँडल. आग इझली. तो वर गेलाच नोयता. शिडीपाशी भेटला."

आता जे मी केलं ते लिहिते, कारण तेच लिहायला बसले आहे. मी त्याच्याकडे खुर्ची वळवली आणि विचारलं, "अलार्म आत ऐकू येत होता का? इंजिन चालू असताना?"

"येत होता."

"लाइटही लागायचा?"

"लाल. फिरता."

"दुसरी वाट होती का बाहेर यायला?"

"होती. मांगून. पन तिकडंच आग होती."

"अलार्म संपल्यावर किती वेळ थांबलास?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. चौकशी झाली होती तेव्हाही त्याला हेच प्रश्न याच क्रमाने विचारले असणार, आणि तेव्हाही त्याने अशीच उत्तरं दिली असणार. "पाच-सहा श्वास," तो म्हणाला. "घड्याळ पाह्यलं नाई." चौकशीत त्याच्यावर काही ठपका आला नाही. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. जहाजावर दीडशेच्या वर माणसं होती आणि ती सगळी घरी गेली. इकडे अमरावतीच्या घरी यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. आईला अजूनही नाही.

मला काय वाटलं? खरं सांगायचं तर काही नाही. मी वाट बघत होते, आता काहीतरी वाटेल म्हणून. पायाला मुंग्या आल्या की आपण तो आपटून बघतो, तसं मी मनातल्या मनात आपटून बघितलं. माझा सख्खा भाऊ, हात त्याचा, हँडल ते. काही नाही. बाहेर आई पुरणाची डाळ निवडत होती आणि मला तिचा खडे ताटात टाकल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

उठताना दादा म्हणाला, "एक करशीन का वं बाई? ते हँडल दूर दूर ठेव. एक इकडं, एक तिकडं. एकट्याले वढताच नाई आलं पाह्यजे. एकट्याच्या हाती नको ते."

"बघते," मी म्हणाले.

तो गेला आणि स्टुलावर चढून मखराला माळा लावायला लागला. मी "जसाच्या तसा" खोडलं आणि "बदलून" लिहिलं. खाली नवा नियम लिहिला: दोन्ही हँडलं एकमेकांपासून इतक्या अंतरावर असावीत की एका व्यक्तीला दोन्ही एकाच वेळी चालवता येऊ नयेत. चांगला नियम होता, त्यात माणसाने काय करावं हे नव्हतं. कारणाच्या रकान्यात मात्र अडले. खरं कारण लिहायला तिथे जागा नव्हती, आणि खरं कारण मला तोवर कळलंही नव्हतं. शेवटी लिहिलं, "गॅस चुकून सुटू नये म्हणून." मग हात धुऊन महालक्ष्म्यांचे मुखवटे पुसायला गेले.

सण नेहमीसारखा झाला. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या. दादाने दोनदा कढी मागून घेतली. आई म्हणाली, पोरगा बारीक झाला. मी त्याला वाढत होते आणि त्याच्या हातांकडे बघायचं टाळत होते. ते मात्र मला नीट कळत होतं.

कमिटीची मीटिंग पंधरा दिवसांनी झाली. स्क्रीनवर आठ चौकोन. अध्यक्ष नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. पुण्याला राहतात, अतिशय सभ्य माणूस, कधी आवाज चढवत नाहीत. माझी ओळ आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"चुकून सुटू नये यासाठी दोन हँडलं आधीच आहेत," ते म्हणाले. "ती लांब नेऊन काय साधतं? तुमच्या मनातलं कारण हे नाही. खरं कारण काय?"

मी म्हणाले, "ओढणाऱ्यावरचा ताण."

"तो प्रशिक्षणाचा भाग झाला. आपल्या पुस्तकात येत नाही." हे वाक्य मी स्वतः कितीतरी नवशिक्यांना ऐकवलं आहे. मग ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आणि मॅडम, मार बसलेल्या जहाजावर त्या जागेपाशी एकच माणूस उरला असेल तर? त्याने काय करायचं?"

सात चौकोन माझ्याकडे बघत होते. मला उत्तर माहीत होतं, कारण तो एकच उरलेला माणूस आमच्या पलंगावर बसून मला सगळं सांगून गेला होता. माझा नियम त्या दिवशी त्या जहाजावर असता तर दादा एक हँडल धरून उभा राहिला असता, दुसऱ्यापाशी कोणी नसतं, आणि आग टाकीपर्यंत पोचली असती. माणसं वाचवायचा नियम करायला निघालेल्या बाईने माणसं मारायचा नियम लिहिला होता. अध्यक्षांचं बरोबर होतं. मी म्हणाले, "मान्य आहे," आणि सगळ्यांच्या देखत ती ओळ पुसून पुन्हा "जसाच्या तसा" लिहिलं. पुढची ओळ होज ठेवायच्या कपाटाची होती. आम्ही त्यावर वीस मिनिटं भांडलो.

आता तो तक्ता उघडला तर त्या ओळीवर काही खूण नाही. पहिल्यापासून तशीच होती असं वाटतं.

दादाला फोनवर सांगता आलं असतं. दोनदा फोन लावला आणि दोनदा रिवाइंडिंगला तांब्याच्या तारेचा भाव काय आहे असलं काहीतरी विचारून ठेवला. शेवटी एका शनिवारी बडनेऱ्याला गेले आणि अकोल्याची गाडी धरली. खिडकीशी जागा मिळाली. कपाशी हिरवीगार होती, मूर्तिजापूरला चहा घेतला. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होते आणि ते सगळं तक्त्यातल्या कारणांसारखंच होत होतं, एका ओळीत बसणारं.

दुकानात दादा एकटाच होता. मांडीवर मोटरचा सांगाडा घेऊन खाचांमधून तार भरत होता. मला बघून म्हणाला, "काहून आली वं अचानक? आई बरी हाये ना?"

"बरी आहे. दादा, ते हँडलांचं नाही झालं."

तो तार भरत राहिला.

"अध्यक्षांनी विचारलं, एकच माणूस उरला तर काय करायचं. मीच खोडलं."

"बराबर इचारलं त्याईनं," दादा लगेच म्हणाला. "एकटाच होतो ना मी. दुसरा येन्याची वाट पाह्यली असती तं सारं जहाज गेलं असतं. मले का मालूम नाई?"

मला राग आला. किती दिवसांनी काहीतरी आलं, तर राग आला. "मालूम होतं तर मग मला कशाला करायला सांगितलंस? मी सात जणांसमोर तोंडावर पडले."

दादाने मोटर खाली ठेवली. हाताला लागलेलं वार्निश फडक्याला पुसलं, बराच वेळ पुसलं.

"मले वाटे," तो म्हणाला, "दुसऱ्या हँडलवर कोनी असता तं त्याले कधीमधी फोन केला असता. बाकी काई नाई. कसं हाये बाप्पा, जेवला का, झोप येते का तुले. त्यानं मले इचारलं असतं. एवढंच. वहिनीले तुह्या सांगतलं तं ते रडते, मंग मलेच तिले समजवा लागते. तुले सांगतलं तं तू..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती. मी काय केलं होतं ते मला माहीत होतं. मी अलार्म, लाइट आणि वाट विचारली होती.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. दादाने पुन्हा मोटर उचलली. तो विषय संपवत होता, आमच्या घरातल्या पद्धतीने. मीही घरातल्या पद्धतीने उठून चहा सांगायला जाऊ शकले असते. पायरीपर्यंत गेलेही. मग परत आले आणि त्याच्यासमोरच्या लाकडी खोक्यावर बसले.

"दादा," मी म्हणाले, "तो कोण होता?"

त्याचे हात थांबले.

"कोन?"

"तो. शिडीपाशी सापडला तो. कुठला होता? कसा होता?"

दादा माझ्याकडे असा बघत राहिला, जणू हा प्रश्न कोणत्या भाषेत आहे तेच त्याला ओळखता येत नव्हतं. चौकशीत हे कुणी विचारलं नसणार. ते त्यांना आधीच फायलीत लिहिलेलं मिळालं असेल.

"ओडिशाचा होता," तो म्हणाला. मग, "बुटका. लय हसे. माह्या वरच्या बंकवर झोपे." आणि मग, एकदम घाईने, "त्याले म्या वऱ्हाडी शिकवली होती. मराठी नाई, वऱ्हाडी. साऱ्या जहाजावर आमी दोघंच बोलू. आमच्या ऑफिसरनं काई काम सांगतलं का तो मांगं पाहून मले म्हने, 'काहून बे, आपनच काहून?' अन् आमी हासू. त्या बिचाऱ्या ऑफिसरले कळेच ना का हासून राह्यले म्हून. घरी पत्र लिही तं त्यातबी लिही, 'गंज काम हाये.' गंज म्हंजे लय, हे त्याच्या मायले काय समजत असन..."

मला आवरलं नाही. मी त्या खोक्यावर बसून, अकोल्याच्या भर बाजारात, तोंडावर ओढणी धरून रडायला लागले. बाबा गेले तेव्हाही अशी रडले नव्हते. दादाने पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली, पण तो समजूत घालायला थांबला नाही.

"रडू नको वं बाई, आयक," तो म्हणाला. "थांब. अजून सांगून राह्यलो ना मी."